एक्स रेज टू फोर प्लस वन

इंटिग्रेशनमध्ये पार्शल फ्रॅक्शनला, म्हणजे मोठ्या अपूर्णांकाचे सोपे तुकडे करण्याला, लोक उगाच घाबरतात. छेदाचे सरळ फॅक्टर पडले की तुकड्यांच्या अंशातले ए, बी काढणं म्हणजे हमाली, बाकी काही नाही. माझं डोकं खाल्लं ते एकाच गणितानं : वन अपॉन (एक्स रेज टू फोर प्लस वन), याचं इंटिग्रेशन, लिमिट मायनस वन ते वन.

जळगावच्या आमच्या क्लासच्या नोट्समध्ये याचा शॉर्टकट होता. वर-खाली एक्स स्क्वेअरनं भागायचं, अंशाचे दोन तुकडे करायचे. एकात 'एक्स वजा वन अपॉन एक्स' म्हणजे टी, दुसऱ्यात अधिकवालं म्हणजे यू. एकातून टॅन इन्व्हर्स (टॅनच्या किमतीवरून कोन), दुसऱ्यातून लॉग. लिमिट घातल्या की उत्तर ०.६२. नोट्समध्येही तेच छापलेलं.

आता बघा, मायनस वन ते वन या पट्ट्यात हे फंक्शन अर्ध्याच्या खाली उतरतच नाही. रुंदी २. म्हणजे आलेखाखालचं क्षेत्रफळ, तेच इंटिग्रलचं उत्तर, १ पेक्षा कमी येणं शक्यच नाही. मग ०.६२ कसं? क्लासमध्ये विचारलं तर, "परीक्षेत एवढंच लागतं, पुढे चल." मे महिना, पंखा गरम हवा फेकतोय, मी तीच वही घेऊन बसलेलो. धुळ्याचा रूममेट येता-जाता विचारायचा, "आते काय ऱ्हायनं भो?"

गोम शून्यात होती. एक्स स्क्वेअरनं भागताना एक्स शून्य चालत नाही आणि शून्य तर लिमिटच्या बरोब्बर मधे. तिथे टॅन इन्व्हर्स ९० अंशांवरून थेट उणे ९० वर आपटतो. त्या उडीत १.११ गायब.

म्हणून छेदच फोडा. दोन एक्स स्क्वेअर मिळवा, तेवढेच वजा करा. वर्गांची वजाबाकी होते आणि रूट टू वाले दोन क्वाड्रॅटिक फॅक्टर पडतात. लांबण आहे, पण शून्यापाशी काही तुटत नाही. एक्सच्या जागी एक घातल्यावर दोन टॅन इन्व्हर्स ६७.५ आणि २२.५ अंश आले, बेरीज चक्क ९०! उत्तर १.७३. शॉर्टकटच वापरायचा तर शून्य ते एक करून दुप्पट करा, फंक्शन इव्हन आहे, म्हणजे शून्याच्या दोन्ही बाजूंना सारखंच.

हे फॅक्टर सुचले नाहीत तर वाईट वाटून घेऊ नका. १७०२ मध्ये कॅल्क्युलसच्या जनकांपैकी एक, खुद्द लायब्नित्सला वाटलं होतं की ते रिअल संख्यांमध्ये पडतच नाहीत.

हो, आणि अंशाची डिग्री छेदाइतकी किंवा जास्त असेल तर आधी भागाकार. हे खरं तर वरच सांगायला हवं होतं.

परवा एका ज्युनिअरची झेरॉक्स चाळली. अजून ०.६२ च आहे.