अर्धे चॅनल

फोनवरच त्यांनी बजावलं, "अर्धे चॅनल लागतात, अर्धे लागत नाहीत. छत्री फिरवून झाली, बॉक्स बदलून झाला, छत्रीसमोरचा तो डबा, एलएनबी, तोही नवा बसवून झाला. आता तुम्ही काय बदलणार ते आधी सांगा, मगच या."

मी म्हटलं, "आल्याशिवाय कसं सांगू, काका?"

"आधीचे सगळे आल्या आल्या सांगत होते," ते म्हणाले. आवाजात राग कमी आणि कंटाळा जास्त होता.

डिश बसवण्याच्या धंद्यात बरीच वर्षं काढल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. पहिल्या दिवशी चित्र सगळ्यांचंच येतं. निष्काळजीपणे बसवलेल्या छत्रीचंही येतं, आणि बसवणारा पैसे घेऊन जातो. काम चांगलं झालंय की नाही ते कळतं पहिल्या जोरदार पावसात, पहिल्या वादळात, नाहीतर वर्षभरानं सांध्यात पाणी शिरल्यावर. म्हणून अर्धे चॅनल जाणं हे दुखणं मला जरा बरं वाटतं. पूर्ण काळा पडदा काहीच सांगत नाही. अर्धं चित्र बरंच काही सांगतं.

घरी पोचलो तर काकांनी वहीच पुढे केली. रेघ मारून दोन रकाने पाडलेले: "लागतात" आणि "लागत नाहीत". खाली चॅनलचे नंबर, शेजारी तारखा. एके ठिकाणी लिहिलेलं, "पाऊस. सगळेच गेले." दुसऱ्या दिवशीची नोंद, "ऊन. डावीकडचे परत आले, उजवीकडचे नाहीत." आतल्या खोलीतून आजी म्हणाल्या, "माझी मालिका उजवीकडेच आहे हो." काका निवृत्त शिक्षक निघाले. म्हटलं, ही वही आधी कुणी पाहिली? ते म्हणाले, "दाखवली सगळ्यांना. पण जो तो चप्पल काढली की थेट गच्चीच्या जिन्याकडे."

मी सोफ्यावर बसलो आणि रिमोट मागितला. बॉक्सच्या सेटिंगमध्ये सिग्नल तपासायचं पान असतं. तिथे प्रत्येक फ्रिक्वेन्सीपुढे व्ही किंवा एच असं अक्षर दिसतं. एकेक फ्रिक्वेन्सी निवडत गेलो. व्ही असेल तिथे सिग्नलची पट्टी भरत होती, एच आलं की क्वालिटी शून्य. काकांच्या वहीतले उजव्या रकान्यातले नंबर एकेक ताडून पाहिले. सगळे एचवरचे. एकही अपवाद नाही.

"काका, छत्रीचा दोष दिसत नाही," मी म्हटलं. "एलएनबीचाही नसावा. वायर बघू."

त्यांना ते पटेना. साहजिक आहे. छत्री दिसते, एलएनबी दिसतो, त्यामुळे संशय त्यांच्यावरच जातो. मग वहीच्याच कोऱ्या पानावर समजावून सांगितलं. उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी दोन तऱ्हेच्या असतात, उभ्या आणि आडव्या. व्ही म्हणजे उभ्या, एच म्हणजे आडव्या. एकाच फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात दुप्पट चॅनल बसावेत म्हणून ही युक्ती. (काही उपग्रह डावीकडे आणि उजवीकडे गोल फिरणाऱ्या लहरी वापरतात, तत्त्व तेच.) एलएनबी एका वेळी एकाच तऱ्हेच्या लहरी खाली पाठवतो. कुठल्या पाठवायच्या हे बॉक्स त्याला कसं सांगतो? वेगळी तार नसते. ज्या वायरमधून सिग्नल खाली येतो, त्याच वायरमधून बॉक्स वर वीज पाठवतो. १३ व्होल्ट दिले की उभ्या, १८ व्होल्ट दिले की आडव्या. मधली सीमारेषा साधारण १४-१५ व्होल्टच्या आसपास. बॉक्सनं १८ पाठवले आणि वाटेत चार-पाच व्होल्ट गळाले, तर एलएनबीला वाटतं १३च आलेत. तो उभ्याच लहरी पाठवत राहतो.

काकांनी क्षणभर आकृतीकडे पाहिलं. "म्हणजे निरोप्या निरोप अर्धवट पोचवतोय."

मास्तर ते मास्तर.

गच्चीवर जाऊन आधी माझा हातातला, सिग्नल मोजायचा मीटर छोट्या नव्या वायरीनं थेट एलएनबीला लावला. व्ही लागलं, एचही लागलं. म्हणजे एलएनबी ठणठणीत. नव्या एलएनबीचा काकांना उगाच भुर्दंड पडला होता. मग घराच्या जुन्या वायरीचं वरचं टोक व्होल्ट मोजायच्या मल्टिमीटरला लावलं आणि काकांना खाली एचवरचा चॅनल लावायला सांगितलं. मीटरवर आकडा आला १८.

इथेच बरेच जण फसतात. मोकळ्या टोकाला १८ व्होल्ट दिसले की वायर चांगली, असं म्हणून ते मोकळे होतात. पण मोकळ्या टोकातून करंट वाहतच नाही, मग व्होल्ट गळणार कुठून? एलएनबी जोडलेला असताना मोजायला हवं, तो करंट ओढत असताना. त्यासाठी माझ्या पिशवीत दोन तोंडांचा एक जोड असतो. एलएनबीही चालू राहतो आणि मीटरचं टोकही टेकवता येतं. एलएनबी जोडला आणि आकडा सरसर घसरून तेराच्या वर कुठेतरी थांबला. खालून काका ओरडले, "नाही लागला!" मी वरून म्हटलं, "सापडला!"

आता वायरीच्या मागे निघालो. कठड्यावरून खाली, भिंतीला खिळलेल्या क्लिपांतून, दुसऱ्या मजल्याच्या खिडकीच्या सज्जावर. आणि तिथे, नेमकं पाणी साचतं त्या कोपऱ्यात, काळ्या टेपचा एक जाड गोळा. बोटांनी दाबला तर आतून पाणी पाझरलं. टेप सोडवली तशी चिकट काळी घाण हाताला लागली. आत कनेक्टर नव्हताच. वायर कमी पडली म्हणून दोन तुकड्यांच्या मधल्या तारा नुसत्या एकमेकींना पीळ देऊन जोडलेल्या, त्यांच्याभोवतीची धातूची जाळी तशीच पिळलेली, आणि त्यावर टेप. जाळीचा पार हिरवा भुगा झालेला. मधली तार मी हलकेच ओढली, तर ती हातातच तुटून आली. पाऊस पडला की हा गोळा भिजायचा आणि सगळंच बंद. ऊन पडलं की सुकायचा, उभ्या लहरींपुरते व्होल्ट पोचायचे, आडव्यांपुरते नाही. वहीतली प्रत्येक नोंद त्या गोळ्यात होती.

काका म्हणाले, "मग हा सांधा नीट करून द्या. झालं."

मी नाही म्हटलं. यावर आमची थोडी ओढाताण झाली. अख्खी वायर बदलण्यात माझा फायदा आहे असा त्यांचा समज, आणि एवढे अनुभव घेतलेल्या माणसाचा तो झाला तर चूक काय? मी पिशवीतून लहान लोहचुंबक काढलं आणि जुन्या वायरीच्या मधल्या तारेला लावलं. चटकन चिकटलं. तांब्याला चुंबक चिकटत नाही. ती तार लोखंडी होती, वरून तांब्याचा नुसता मुलामा. सिग्नलला तो मुलामा पुरतो, कारण एवढ्या उच्च फ्रिक्वेन्सीचा प्रवाह तारेच्या पृष्ठभागावरूनच वाहतो. पण व्होल्ट वर न्यायचे तर अख्खी तार वापरली जाते, आणि लोखंडाचा विरोध तांब्याहून कितीतरी जास्त. अंतर थोडं असेल तर चालतं. इथे वायर गच्चीपासून भिंतीला वळसा घालून खाली आली होती, शिवाय सांध्यातून पाणी जाळीत आत किती चढलं होतं कुणास ठाऊक. एकदा पाणी जाळीत शिरलं की ते वायरीच्या आतून पुढे सरकत राहतं आणि थेट बॉक्सच्या मागे निघतं. असे मेलेले बॉक्स मी पाहिलेत. चुंबकाचा प्रयोग काकांनी स्वतः करून पाहिला. आधी जुन्या तारेवर, मग माझ्याकडच्या नव्या तांब्याच्या तारेवर. मग म्हणाले, "बदला."

वायर ओढण्याचं काम कंटाळवाणं आहे, त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सलग एकच तुकडा, मध्ये सांधा नाही, आणि कोपऱ्यावर काटकोनात मुडपायची नाही, गोलाई ठेवून वळवायची. दोन गोष्टींवर मात्र मी अडून बसतो. भिंतीचं भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं पाडायचं, आणि वायर आत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यायचा. पाणी वायरीवरून ओघळत येतं, ते झोळाच्या तळाशी टपकून जातं, घरात येत नाही. हा झोळ बघून लोक म्हणतात, "वायर लोंबतेय, ताणून घ्या की." ताणली की पहिल्याच पावसात भिंतीला ओल.

कनेक्टर बसवतानाही डोळे उघडे लागतात. जाळीचा केसाएवढा एक तंतू मधल्या तारेला टेकला तरी शॉर्ट. मधली तार कनेक्टरच्या तोंडातून दोनेक मिलिमीटर बाहेर हवी. बाहेरच्या कनेक्टरवर रबरी बूट चढवला आणि वर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप गुंडाळली. विजेच्या कामाची नेहमीची काळी टेप बाहेर उन्हात टिकत नाही, हे सज्जावरच्या गोळ्यानं दाखवलंच होतं.

आता खालून आजींचा आवाज आला, "लागली!" माझं काम खरं तर इथे संपलं होतं. पण छत्रीला हात लावून पाहिला, तर पाइप हलला. आधीच्यांनी इतक्यांदा सोडून आवळली होती की कठड्यातल्या बोल्टांची भोकं सैल झाली होती. ६० सेंटिमीटरची छत्री आकाशातला जेमतेम तीन अंशांचा तुकडा बघते. उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर. पाइप वाऱ्यानं अंशभर झुकला तरी सिग्नल घटतो, दोन अंश झुकला की संपलं. नवे अँकर बोल्ट घेतले, पाइप ओळंब्यात उभा केला. ओळंबा एवढ्याचसाठी, की पाइप तिरका असला तर छत्री डावी-उजवी फिरवताना तिची उंचीही बदलत जाते, आणि मग एक साधायला जावं तर दुसरं निसटतं.

काका वर आले होते. छत्रीच्या तोंडासमोर उभे राहून म्हणाले, "ही तर समोरच्या गच्चीवरच्या टाकीकडे बघतेय. उपग्रह काय टाकीत आहे?" शंका रास्त होती. या छत्रीत एलएनबी मधोमध नसतो, खालच्या बाजूला असतो. त्यामुळे छत्री जिकडे बघतेय असं वाटतं, त्यापेक्षा साधारण २० ते २५ अंश वरून ती लहरी घेते. टाकीच्या बरंच वरून तिची नजर जाते. एलएनबी मधोमध नसल्यानं त्याची सावलीही छत्रीवर पडत नाही.

"आणि हा एलएनबी वाकडा का केलात? आधीच्यानं सरळ बसवला होता."

तोही वाकडाच हवा. उपग्रहाच्या उभ्या-आडव्या लहरी आपल्याकडे पोचताना किंचित कललेल्या असतात, पृथ्वी गोल आहे म्हणून. कल किती, ते तुम्ही उपग्रहाच्या किती पूर्वेला किंवा पश्चिमेला आहात आणि विषुववृत्तापासून किती दूर आहात यावर ठरतं. एलएनबी तेवढाच कलता केला की उभी लहर आडवीत मिसळत नाही.

मग मीटरवर डोळा ठेवून बारीक हालचाल. डावीकडे नेत क्वालिटी पडते ती जागा बघायची, उजवीकडे नेत पडते ती बघायची, आणि बरोबर मध्ये थांबायचं. वर-खालीही तसंच. हलवल्यावर मीटरला आकडा दाखवायला क्षणभर लागतो. तो न देता फिरवत राहिलं, तर योग्य जागा येऊन निघूनही जाते. काका विचारत होते, स्ट्रेंग्थ की क्वालिटी? क्वालिटी. स्ट्रेंग्थ चुकीच्या उपग्रहावरही भरपूर दिसते. बोल्ट आवळताना छत्री हमखास थोडी सरकते, म्हणून आलटून पालटून थोडं थोडं आवळायचं आणि नजर मीटरवरच. शेवटी पाइपवर आणि क्लॅम्पवर पक्क्या मार्करनं एक सलग रेघ मारली, म्हणजे उद्या सरकली तर कळेल.

निघण्याआधी मी एक फडकं बादलीत बुडवून छत्रीच्या तोंडावर एका कोपऱ्यात पसरलं. काकांना वाटलं पुसतोय. खाली चित्र थांबलं नाही. फडकं थोडं वाढवलं, तरी थांबलं नाही. अर्ध्या छत्रीवर आलं तेव्हा चौकोन फुटायला लागले. पावसात सिग्नल असाच खचतो, म्हणून हाताशी किती शिल्लक आहे ते असं बघून ठेवतो. ढगफुटीसारख्या पावसात तरीही चित्र जाईल, ते कुणालाच थांबवता येत नाही. हेही काकांना सांगितलं आणि त्यांनी ते लिहून घेतलं, क्वालिटीचा आकडा आणि तारखेसकट.

सामान आवरत होतो तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरून एकानं हाक मारली. "दादा, आमचीही बघा जरा. गेल्या वर्षी झकास होती. एलएनबी गेलाय बहुतेक. नवा टाकूया का?"

मी त्यांच्या छत्रीच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि ती जिकडून लहरी घेते तिकडे, तेवढ्याच उंचीवर बघितलं. समोर झाड होतं, नव्या पालवीनं गच्च भरलेलं. पानांत पाणी असतं आणि ते या लहरी गिळतं.

"एलएनबी राहू द्या," मी म्हटलं, "पान्हा घेऊन त्या पलीकडच्या कोपऱ्यात या."

त्यांनी झाडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पण एलएनबी मी आणून ठेवलाय."

"परत घेतात का बघा."