माळवदाची माती

गेली तीस वर्षे मला एकच स्वप्न अधूनमधून पडत आले आहे. जुन्या घराच्या मधल्या खणात मी उताणा झोपलेलो असतो, वरच्या किलचणीच्या, म्हणजे छताखालच्या काटक्यांच्या थराच्या, फटीतून पांढऱ्या मातीची बारीक धार कपाळावर पडू लागते, मी उठू पाहतो आणि अंगावरची वाकळ दगडासारखी जड होते. घर कोसळत नाही. माती तेवढी पडत राहते, आणि जाग येते तेव्हा मी हाताने कपाळ पुसत असतो.

हे स्वप्न आले कोठून, याचा शोध घेण्याची मला गरज नाही. औसा तालुक्यातील आमचे गाव किल्लारीपासून फार दूर नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून माणसे दमून झोपलेली असताना, भूकंप झाला आणि लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवर वर्षानुवर्षे थर चढून वजनदार झालेले माळवद, म्हणजे मातीचे सपाट छप्पर, हेच पुष्कळांच्या मरणाचे कारण ठरले. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. आमच्या घराची मागची भिंत गेली, आम्ही वाचलो.

घरातील माणसांचा प्रश्न मात्र वेगळा असतो. हे स्वप्न पुन्हा पडले असे सांगितले की कोणीतरी हमखास विचारते, ‘पुढचं काही सुचवतंय का?’ आमच्या भागात हा प्रश्न रिकामपणाचा नाही. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहत असताना मी ऐकलेल्या कहाण्यांपैकी निम्म्या स्वप्नांच्या होत्या: कोणाचे दात पडले होते, कोणाला लग्नाची वरात दिसली होती, कोणाची मेलेली सासू दारात येऊन ‘बाहेर या’ म्हणाली होती. ही माणसे खोटे बोलत होती असे मला आजही वाटत नाही. परंतु दोन हजार वस्तीच्या गावात एका रात्रीत शेकडो स्वप्ने पडतात, त्यांतील बहुतेक सकाळी चुलीपाशीच विरतात, आणि संकटानंतर जे स्वप्न त्याच्याशी जुळते तेवढेच माणूस जपून ठेवतो. खरा इशारा आदल्या वर्षीच मिळाला होता, तोही जागेपणी: १९९२च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत किल्लारीला लहानमोठे धक्के बसत होते. तेव्हा आमच्या आळीतली माणसेही काही रात्री अंगणात झोपली, पुढे थंडी पडली आणि सगळे पुन्हा माळवदाखाली गेले.

वेल्समधील ॲबरफॅन या खाणगावात २१ ऑक्टोबर १९६६ रोजी कोळशाच्या खाणीतील टाकाऊ मातीचा ढिगारा शाळेवर घसरला आणि १४४ जण दगावले, त्यांपैकी ११६ मुले होती. त्यानंतर जॉन बार्कर या मनोविकारतज्ज्ञाने ‘आम्हाला आधीच कळले होते’ असे म्हणणाऱ्यांची पत्रे गोळा केली, आणि पुढील वर्षी लंडनच्या एका वृत्तपत्राच्या मदतीने लोकांना आपली पूर्वसूचक स्वप्ने घटना घडण्यापूर्वीच कळवायला सांगितले. शेकडो भाकिते आली, त्यांतील बहुतेक फोल ठरली. बार्करच्या निष्कर्षांपेक्षा मला त्याची रीत महत्त्वाची वाटते, कारण स्वप्नाची परीक्षा घ्यायची तर त्यावर घटनेच्या आधीची तारीख हवी.

म्हणून २०१८ पासून मी एक वही ठेवली. तारीख, झोपण्याची वेळ, आदल्या दिवशी काय घडले आणि स्वप्नात मन कसे होते, एवढेच लिहितो. सहा वर्षांत मातीच्या स्वप्नाच्या अकरा नोंदी झाल्या. १० जुलै २०२४ रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, नांदेड-परभणीपर्यंत जाणवला, आणि धाकट्या बहिणीचा फोन आला, ‘दादा, तुला ते स्वप्न पडलं होतं का रे?’ मी वही काढली. आधीच्या दोन महिन्यांत एकही नोंद नव्हती. अकरापैकी सात नोंदी मात्र गणपतीच्या दिवसांपासून नवरात्रापर्यंतच्या होत्या, आणि उरलेल्या चारांपैकी तीन घरात कोणीतरी आजारी असतानाच्या. स्वप्नाला पुढचे काही दिसत नव्हते; मागचे मात्र ते नेमाने मोजत होते.

याला कोणी पाश्चात्त्य दृष्टी म्हणेल, तर त्याने चरकसंहितेतील इंद्रियस्थान हा भाग उघडावा. तेथे स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत: दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. त्यांतील पहिल्या पाचांना फळ नाही असे वैद्याला स्पष्ट बजावले आहे. पुढचे सुचवणारे भाविक स्वप्न चरक नाकारत नाही, पण त्याच्याभोवती कुंपण भक्कम घालतो. माझे स्वप्न दृष्टही आहे आणि अनुभूतही, म्हणजे आपल्याच जुन्या शास्त्राच्या हिशेबाने ते निष्फळ ठरते. आपल्याकडे वैद्याचा हा सावधपणा मागे पडला आणि ‘साप दिसला तर धन, लग्न दिसले तर मरण’ अशी कोष्टके तेवढी उरली, याची मला खंत वाटते. ‘पहाटेचे स्वप्न खरे होते’ या समजुतीचा उलगडा तर आता सोपा आहे. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी बंद पापण्यांखाली बुबुळे वेगाने हलण्याची झोपेतील अवस्था नोंदवली. साधारण दर दीड तासाने येणारी ही अवस्था पहाटेकडे लांबत जाते. म्हणून पहाटेची स्वप्ने ठसठशीत असतात आणि जाग जवळ असल्यामुळे लक्षातही राहतात.

मग निष्फळ स्वप्न निरर्थक असते का? येथे मला वेरूळजवळच्या देवगावच्या संत बहिणाबाई आठवतात. कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनांतून तुकोबांचे अभंग ऐकून त्यांच्या भेटीचा ध्यास घेतलेल्या या बाईंना तुकोबांनी स्वप्नात उपदेश केला. चरकाच्या भाषेत हे प्रार्थित स्वप्न, मनी वसे ते स्वप्नी दिसे याचाच नमुना. तरीही त्यांचे आयुष्य त्याने बदलले, कारण आपल्याला काय हवे आहे हे त्यांना स्वप्नामुळे नि:संदिग्ध कळले. वारंवार पडणाऱ्या स्वप्नाचा अर्थ लावायचा तो असा. माती म्हणजे काय, वाकळ म्हणजे काय, हे मी शोधत नाही. उठता येत नाही ही जी घालमेल आहे, ती काल दिवसा मला कोठे झाली होती, हे शोधतो. पंचेचाळिशीतही दहावीच्या गणिताच्या पेपरला उशीर झाल्याचे स्वप्न पाहणारा माझा मित्र गणितात उत्तम गुणांनी पास झालेला आहे. अशी स्वप्ने पास झालेल्यांनाच पडतात, आपण स्वतः ज्या विषयात नापास झालो त्याचे स्वप्न कधी पडले नाही, असे फ्रॉइडनेही लिहून ठेवले आहे.

एका बाबतीत मात्र मी इशारा हा शब्द वापरीन. आमचे एक चुलते झोपेत ओरडत, कोणाशी तरी झुंजत आणि शेजारी झोपलेल्या काकूंना लाथा बसत. घरात बाधेची चर्चा झाली, उतारा झाला. मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेल्यावर कळले की स्वप्नावस्थेत स्नायू शिथिल राहण्याची जी सोय शरीरात असते ती बिघडली होती, आणि उतारवयात हे कधीकधी पार्किन्सनच्या आजाराचे बरेच आधी दिसणारे लक्षण असते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही भयानक स्वप्ने पडू शकतात. नवी गोळी सुरू झाल्यापासून स्वप्ने बिघडली असतील तर ती मनाने बंद न करता डॉक्टरांना तसे सांगावे.

आजीचा उपाय निराळा होता. मी लहानपणी घाबरून उठलो की ती म्हणे, ‘सपान पडलं ते पडलं, आता दिवसा त्याला कशाला घरात घेतूस?’ या एका बाबतीत मी तिचे ऐकले नाही. दु:स्वप्नांवरच्या एका उपचारपद्धतीत नेमके हेच करतात: जागेपणी स्वप्न लिहून काढायचे, त्याचा शेवट हवा तसा बदलायचा आणि रोज काही मिनिटे तो बदललेला शेवट मनात घोळवायचा. मागच्या भाद्रपदात मी ते सुरू केले. माझ्या शेवटात मी वाकळ बाजूला सारतो, आजीचा हात धरतो आणि आम्ही दोघे अंगणात जाऊन बसतो.

त्यानंतर वहीत दोन नोंदी झाल्या आहेत. पहिल्या वेळी माती पूर्वीसारखीच पडली. दुसऱ्या वेळी मी वर पाहिले तर किलचण नव्हती, शेडचे पत्रे होते, आणि त्यांवर पाऊस इतका जोरात वाजत होता की आजी काय म्हणाली ते मला ऐकू आले नाही.