डॅम्परला मोजा

आई विचारते, गाडीला मोजा कशाला घातलास रे? आता तिला काय सांगणार, म्हणून इथं लिहितो.

माझी केटीएमची आरसी ३९० बाईक आहे, जुनीच घेतलीय. दोन वर्षांपूर्वी हायवेला, म्हणजे आपल्या जुन्या एनएच ४ ला, हत्तरगी टोलच्या अलीकडं एका पुलाच्या जॉइंटवरनं गेलो आणि हँडल हातात असं फडफडायला लागलं की बास. ब्रेक मारला नाही हे नशीब, हात सैल सोडले, गॅस हळू कमी केला, तेव्हा थांबलं. घरी येऊन दोन दिवस यूट्यूब बघितलं आणि ठरवलं की स्टिअरिंग डॅम्पर पाहिजे, म्हणजे फ्रेम आणि हँडलच्या मधी बसणारा तेलाचा छोटा सिलिंडर, हँडलला झटके मारू देत नाही.

खरं तर आधी कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, बघायला पाहिजे होता. पुढचं चाक उचलून हँडल फिरवलं तर मधोमध टक करून अडकायचं, म्हणजे रेसला, बेअरिंगच्या कडीला, खड्डे पडलेले, वर पुढच्या टायरात हवा कमी. ते सगळं केल्यावर फडफड ऐंशी टक्के तिथंच गेली. पण डॅम्पर मागवून झालेला, मग बसवला. बसवताना दोन्हीकडं फुल लॉक मारून बघा, हँडल फ्रेमच्या स्टॉपरवरच थांबलं पाहिजे, डॅम्परचा रॉड संपला म्हणून थांबलं तर एक दिवस ब्रॅकेट तरी तुटणार नाहीतर रॉड वाकणार.

मग पावसाळा आला. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, गोव्याकडचा घाटरस्ता, दर रविवारी. तिकडची तांबडी माती माहितीच आहे, पुढच्या चाकानं उडवलेली सगळी रॉडवर. मी शहाण्यानं काय केलं, रॉड गंजू नये म्हणून त्याला ग्रीस फासलं. गणपतीच्या सुमारास बघतो तर डॅम्परच्या तोंडाला तेल, आणि हँडल मधल्या भागात एकदम मोकळं, कडेला जाताना जड.

गल्लीतले एक मामा उद्यमबागला हायड्रॉलिक सिलिंडरच्या कामावर आहेत, आख्खं आयुष्य तेच केलंय. बेळगावात असल्याचा हा एक फायदा, हायड्रॉलिकचा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. मामांनी डॅम्पर हातात घेतला, रॉडवरनं बोट फिरवलं आणि म्हणाले, "ह्ये काय लावलैस, ग्रीस? ट्रॉलीच्या जॅकच्या रॉडला कोण ग्रीस लावतंय काय रे? माती धरतंय की ते. मग पॉलिश पेपर झाला तुझा!" माझं नख धरून रॉडवर आडवं फिरवलं. बारीक रेघांवर नख अडकत होतं. तेवढी रेघ सील खायला पुरते.

नशिबानं माझा डॅम्पर उघडता येणारा निघाला. गॅस भरलेला असेल तर घरात अजिबात उघडू नका. रॉडला परत हार्ड क्रोमचा मुलामा करून ग्राइंडिंग, नवीन सील, आणि ५डब्ल्यू शॉकअप ऑइल. तेल भरताना मामांनी रॉड हळूहळू इकडून तिकडं किती वेळ ढकलला असेल, मी चहा सांगून आलो तरी चालूच. आत हवेचा बुडबुडा राहिला की तेवढ्या जागेत डॅम्पर कामच करत नाही, माझं मधलं मोकळेपण तेच होतं, तेल गेलं आणि हवा आली.

आता मोज्याचं. मला शॉकअपला असतो तसला रबरी बेलो, घड्याघड्यांची नळी, घालायचा होता, दिसायला भारी. मामांनी तो दाबून दाखवला, पूर्ण दाबला तरी दोन बोटं जाडी उरतेच, म्हणजे रॉडचा तेवढा स्ट्रोक, आतबाहेर सरकणं, गेला आणि परत तीच लॉकची भानगड. मग जुन्या लॅपटॉपच्या निओप्रीन कव्हरचा तुकडा घेऊन शहापुरात बॅगा शिवणाऱ्याकडं गेलो, सैल नळी शिवून घेतली, एका बाजूला वेल्क्रो. खालची शिवण मुद्दाम बोटभर उघडी ठेवलीय, पाणी निघून जायला, नाहीतर आत ओल धरून रॉड आणखी लवकर गंजेल. राइड झाली की वेल्क्रो काढायचा, मऊ फडक्यानं रॉड पुसायचा, बास, दुसरं काही लावायचं नाही.

एक चैन केली. डॅम्पर मऊ-कडक करायला लेथवर ॲल्युमिनियमची मोठी नॉब करून घेतली, जाड खरखरीत, ग्लोव्ह्ज घालून पण क्लिक फिरवता येतात. गावात सगळ्यात मऊ ठेवतो, कारण कडक ठेवून टिळकवाडीच्या रेल्वे गेटात हळू चालवली की गाडी दारू प्यायल्यासारखी डुलते. हायवेला चार क्लिक पुढं. बोल्टांना निळं लॉकटाइट, म्हणजे आटे ढिले होऊ न देणारा गोंद, आणि वर ताईच्या नेलपॉलिशची रेघ, बोल्ट हलला की रेघ तुटलेली दिसते. ताईला अजून माहीत नाही बाटली कुठं गेली.

राहिला वॉशिंगवाला पोरगा. प्रेशर गन थेट सीलवर मारतो, पाणी आत जातं. त्याला सांगितलं, अण्णा, मोज्यावर मारू नको. त्यानं एकदा मोज्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि गन शेजारच्या स्प्लेंडरकडं वळवली.