अल्टरनेटरचा बोल्ट अन् वेल्डिंगवाले काका

बेल्ट बदलायले बॉनेट उघडलं, पाना लावला अन् गाडीची बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या बोल्टचं डोकं टक्कन हातात! मागच्या खेपेला मेकॅनिकनं हवेच्या गननं आवळला होता, जसा काही त्याले बैलच बांधायचा होता. अरे बावा, आवळला की बोल्ट किंचित ताणतो, त्या ताणावरच पकड असते. हद्दीबाहेर ताणला की कामातून गेला. छोट्या गाडीच्या चाकाच्या नटालेही ८५ ते ११० न्यूटन-मीटर (पिळायच्या जोराचं माप) पुरतात, हा तर त्याहून बारीक बोल्ट.

तुकडा ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटमध्ये अडकलेला. ड्रिल सरकलं तर आटेच जातील. म्हणून ब्रॅकेट सोडवून वखर-डवरे जोडणाऱ्या काकांकडे नेलं. त्यांनी तुकड्यावर नट ठेवला अन् मधल्या भोकातून वेल्डिंग भरलं. ते लोखंडाले धरते, ॲल्युमिनियमले चिकटत नाही. नट लालबुंद झाला. मी पाना घेऊन तयारच, तर म्हणे, "दम धर ना बे, थंडा होऊ दे."

मग थोडं तेल, पाना जरासा मागं, जरासा पुढं... अन् करकरत निघाला ना भाऊ बाहेर! पैसे घेतले नाहीत, चहा पाज म्हणाले.

नवा बोल्ट उद्या वर्ध्याहून आणतो. टॉर्क पाना, म्हणजे जोर मोजून आवळायचा पाना, कोणाकडे असंन तर सांगा राजेहो, काम झालं की परत करतो.