एकच नाव, दोन किमती

मंगळवार, रात्री

एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल ही युनिक्समधली जुनी सोय. सातव्या आवृत्तीत, म्हणजे १९७९ साली ती आली आणि आजही जवळपास तशीच आहे. 'नाव=किंमत' अशा ओळींची एक यादी प्रोसेसला (म्हणजे चालत्या प्रोग्रॅमला) जन्मताना मिळते, एवढाच कारभार. पण सी भाषेतल्या प्रोग्रॅमच्या पोटात पायथनचा इंटरप्रिटर, म्हणजे पायथन स्क्रिप्ट चालवणारा भाग, बसवला की हीच साधी यादी छळायला लागते. प्रोग्रॅम व्हेरिएबल बदलतो, स्क्रिप्ट तेच नाव वाचते आणि तिच्या हाती जुनी किंमत पडते. एरर येत नाही, वॉर्निंगही येत नाही.

हे डोळ्यांनी पाहायला वीसेक ओळींचा प्रोग्रॅम पुरतो. सीमध्ये सेटएन्व्ह वापरून 'रंग' या नावाला 'तांबडा' किंमत द्यायची, मग पाय_इनिशियलाइझ करून इंटरप्रिटर सुरू करायचा. स्क्रिप्टमधून ओएस.एन्व्हायरॉन (पायथनकडची व्हेरिएबलांची यादी) यातला रंग छापला की तांबडा. इथवर ठीक. आता पुन्हा सीच्या बाजूने रंग 'निळा' करायचा आणि तीच स्क्रिप्ट परत चालवायची. ती तांबडाच सांगते. सीच्या गेटएन्व्हला विचारलं तर निळा. एकाच प्रोसेसमध्ये, एकाच क्षणी, एकाच नावाला दोन किमती.

कारण असं की ओएस.एन्व्हायरॉन ही खरी यादी नव्हेच. इंटरप्रिटर सुरू होताना पायथन सीच्या यादीची एकदाच प्रत काढतो आणि पुढचं सगळं वाचन त्या प्रतीतून करतो. ओएस.गेटएन्व्ह हे नाव ऐकून वाटतं की ते सीच्या गेटएन्व्हला हाक मारत असेल, पण तेही याच प्रतीत बघतं. लिहिणं मात्र दोन्हीकडे होतं: ओएस.एन्व्हायरॉनमध्ये किंमत घातली की प्रतही बदलते आणि सीची यादीही. म्हणजे स्क्रिप्टकडून सीकडे जाणारी वाट उघडी आहे, उलटी वाट बंद. त्यात ओएस.पुटएन्व्ह थेट वापरलं तर फक्त सीची यादी बदलते, प्रतीला पत्ताही लागत नाही. म्हणून स्क्रिप्टमध्ये पुटएन्व्ह कधीच वापरू नये, या मताबद्दल मी ठाम आहे.

याच प्रयोगात पुढची पायरी महत्त्वाची आहे. स्क्रिप्टमधून ओएस.सिस्टिमने शेल उघडून रंग छापायला सांगितला तर उत्तर निळा येतं! नवी प्रोसेस उघडणाऱ्या सबप्रोसेस मॉड्यूलला एन्व्हायरन्मेंट वेगळं दिलं नाही तर बहुधा तिथेही निळाच, कारण तेव्हा चाइल्ड प्रोसेसला, म्हणजे अशा नव्याने उघडलेल्या प्रोसेसला, सीची यादी मिळते. पण एखादं जास्तीचं व्हेरिएबल घालायचं म्हणून ओएस.एन्व्हायरॉनची कॉपी करून ती सबप्रोसेसला दिली, की चाइल्डला तांबडा मिळतो. एक आर्ग्युमेंट वाढवलं आणि भलत्याच व्हेरिएबलची किंमत बदलली. शोधायला याहून अवघड बग क्वचितच असतो, कारण बदललेल्या ओळीचा आणि बिघडलेल्या नावाचा वरवर काहीच संबंध दिसत नाही.

उपाय दोन. पायथन ३.१४ किंवा त्यापुढचा असेल तर ओएस.रीलोड_एन्व्हायरॉन आहे. सीच्या बाजूने बदल केल्यावर ते एकदा चालवायचं, प्रत ताजी होते. मात्र ते थ्रेड-सेफ नाही, म्हणजे एकाच प्रोसेसमध्ये समांतर चालणारे थ्रेड असतील तर सुरक्षित नाही. नेमकं त्याच वेळी दुसरा थ्रेड वाचत असेल तर त्याला यादी अर्धवट किंवा रिकामी दिसू शकते.

आवृत्ती जुनी असेल तर दार एकच ठेवायचं. सीमधून सेटएन्व्ह न करता जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणारं कुलूप) घ्यायचा, ओएस मॉड्यूल इम्पोर्ट करायचं, त्याचं एन्व्हायरॉन हे ॲट्रिब्यूट घ्यायचं आणि पायमॅपिंग_सेटआयटमस्ट्रिंगने किंमत त्यात लिहायची. ते लिहिणं सीच्या यादीपर्यंत आपोआप पोचतं. मला हाच मार्ग नव्या आवृत्तीतही जास्त आवडतो, कारण रीलोड करायला विसरण्याची शक्यताच राहत नाही.

काही जण सीटाइप्समधून, म्हणजे सीची फंक्शन्स बोलावणाऱ्या पायथनच्या मॉड्यूलमधून, सीच्याच गेटएन्व्हला विचारतात. चालतं, पण रिटर्न टाइप सी_चार_पी असा स्पष्ट सांगावा लागतो. सांगितला नाही तर सीटाइप्स उत्तर इंट समजतो, ६४ बिटांचा पॉइंटर ३२ बिटांत कापला जातो, आणि तो पत्ता पुढे वापरला की प्रोग्रॅम कोसळतो.

एक चूक मात्र पुन्हा पुन्हा दिसते: ओएस.एन्व्हायरॉनला सरळ नवी डिक्शनरी असाइन करणं. त्या क्षणी सीकडे जाणारी वाटही तुटते. आता स्क्रिप्ट ज्यात लिहिते ती साधी डिक्शनरी असते, आणि चाइल्ड प्रोसेसला त्यातलं काही दिसत नाही. रिकामं करायचं असेल तर क्लिअर, भरायचं असेल तर अपडेट. मूळ ऑब्जेक्ट जागेवरून हलवायचा नाही.

बुधवार, सकाळी

बाकीच्या भाषांनी हेच कोडं कसं सोडवलंय, ते शेजारी ठेवून पाहिलं की पायथनचा निर्णय नीट कळतो. रुबीचा ईएनव्ही प्रत ठेवतच नाही, दरवेळी सीच्या यादीतच बघतो. ल्युआतही तेच, फक्त तिच्या स्टँडर्ड लायब्ररीत लिहिण्याची सोयच नाही. पर्ल पायथनच्या जातकुळीतला: सुरुवातीला प्रत, लिहिलेलं दोन्हीकडे. टीसीएलची रचना मला सगळ्यांत देखणी वाटते. तिथे एन्व्ह या ॲरेवर ट्रेस लावलेला असतो, वाचताना तो सीच्या यादीतून ताजी किंमत आणतो आणि लिहिताना तिकडे पोचवतो. पण तो अख्खा ॲरे अनसेट केला की ट्रेस गेला, आणि त्या इंटरप्रिटरपुरतं सिंक्रोनायझेशन संपलं. नोडमध्ये वर्कर थ्रेडला प्रोसेस.एन्व्हची स्वतंत्र प्रत मिळते, सामाईक हवं असेल तर तसं वर्कर बनवतानाच सांगावं लागतं. शिवाय तिथे अनडिफाइन्ड असाइन केलं तर व्हेरिएबल पुसलं जात नाही, त्याची किंमत 'अनडिफाइन्ड' अशी अक्षरं होते.

विंडोजवर भर पडते ती सीच्या रनटाइमची, म्हणजे सी प्रोग्रॅमला चालायला लागणाऱ्या मूळ लायब्ररीची. ऑपरेटिंग सिस्टिमची यादी वेगळी आणि प्रत्येक सी रनटाइमची प्रत वेगळी. मुख्य प्रोग्रॅम आणि डीएलएल (त्याने लोड केलेली लायब्ररी) निराळ्या रनटाइमवर बांधलेले असतील तर एकाने लिहिलेलं दुसऱ्याचा गेटएन्व्ह वाचेलच असं नाही.

तपास करताना एक फसवणूक होते. लिनक्सवर /प्रॉक खालच्या प्रोसेसच्या फोल्डरमधली एन्व्हायरॉन ही फाइल लोक पुरावा म्हणून उघडतात. तिच्यात प्रोसेस सुरू होतानाची यादी असते. नंतर सेटएन्व्हने केलेले बदल तिथे दिसत नाहीत. खरं पाहायचं तर डीबगर जोडून त्याच प्रोसेसमध्ये गेटएन्व्ह चालवावा.

सिंक्रोनायझेशन बिनचूक असूनही काही व्हेरिएबल बदलून उपयोग नसतो, कारण ती एकदाच वाचली जातात. लायब्ररी कुठे शोधायच्या ते सांगणारं एलडी_लायब्ररी_पाथ डायनॅमिक लिंकर (लायब्ररी जोडणारा भाग) प्रोसेसच्या सुरुवातीला वाचतो, स्क्रिप्टमधून बदललेला पाथ फक्त चाइल्डच्या कामाचा. पायथनहॅशसीड आणि पायथनपाथ इंटरप्रिटर उठतानाच वाचतो. थ्रेडची संख्या सांगणारं ओएमपी_नम_थ्रेड्स नमपाय ही गणिताची लायब्ररी इम्पोर्ट करण्याआधी ठरवावं लागतं. टीझेड, म्हणजे टाइमझोन, बदलला तर युनिक्सवर टाइम.टीझेडसेट हाक मारावी लागते. लिनक्सवर एका ओळीची लांबी नाव धरून १२८ किलोबाइटच्या आत हवी. सेटएन्व्ह मोठी किंमतही मुकाट्याने घेतो आणि चाइल्ड उघडताना 'आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग' येतं.

शेवटी थ्रेड. सेटएन्व्ह यादी हलवू शकतो आणि त्याच वेळी दुसऱ्या थ्रेडमधला गेटएन्व्ह जुन्या जागेकडे बघत असू शकतो. जीआयएल इथे वाचवत नाही. होस्टनेमचा पत्ता शोधताना पायथन जीआयएल सोडतो, आणि ग्लिबसीचा (लिनक्सवरच्या सी लायब्ररीचा) पत्ते शोधणारा रिझॉल्व्हर लोकलडोमेन व रेस_ऑप्शन्स ही नावं सुरू होताना एन्व्हायरन्मेंटमधूनच वाचतो. तेवढ्यात स्क्रिप्टने काही लिहिलं तर महिन्यातून एकदा, कारण न सांगता, प्रोग्रॅम पडेल. म्हणून सगळी लिहिणी पहिला थ्रेड सुरू होण्याआधी उरकावीत, आणि नंतर चाइल्डसाठी काही वेगळं हवं असेल तर चाइल्डपुरती स्वतंत्र डिक्शनरी द्यावी. ती बनवण्याआधी प्रत ताजी आहे ना, एवढं बघून.