नंबर लावला, पण गेलो नाही

दारूच्या व्यसनमुक्तीसाठी फोन करणारा माणूस पुढे उगवलाच नाही, की सगळे एकच म्हणतात, "त्याला सोडायचीच नव्हती." हे मी घरात ऐकलं, कंपनीच्या बसमध्ये ऐकलं, सासरी तर जेवायला बसल्यावर ऐकलं. मी स्वतः असा न उगवलेला पेशंट आहे, तोही एकापेक्षा जास्त वेळा. सोडायची होती हो. घोडं भलतीकडेच अडत होतं.

निश्चय नेहमी पहाटे व्हायचा. रात्रीची उतरलेली, तोंड कडू, बायको भिंतीकडे तोंड करून पडलेली. त्या वेळचा निश्चय खोटा नसतो, फक्त दहा-अकराच्या पुढे टिकत नाही. आणि कुठलंही ऑफिस उघडतं दहाला. एका खाजगी केंद्रात फोन लागला, तर तिथल्या माणसानं आधी महिन्याचे पैसे सांगितले, मग पुढच्या आठवड्यातली तारीख दिली आणि वर बजावलं, "येताना पिऊन यायचं नाही."

ऐकायला रास्त वाटतं. पण रोज पिणाऱ्याच्या शरीराचं गणित वेगळं असतं. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात कापायला लागतात, घाम सुटतो, मळमळतं, छाती धडधडते. एकदम बंद केली तर पहिल्या 48 तासांत फिट येऊ शकते. दोन-चार दिवसांत काहींना भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, दिवस की रात्र कळत नाही, आणि वेळेवर उपचार नाही मिळाले तर जीवही जातो. थोडक्यात, जे डॉक्टरच्या देखरेखीखाली करायचं, ते घरून करून या म्हणून मला सांगितलं होतं.

तारखेच्या सकाळी मी न पिता उठलो. दाढीला बसलो तर रेझर गालावर टेकेना. शर्टाचं वरचं बटण काजात जाईना. बायकोला हाक मारायची लाज वाटली. हात थांबावा म्हणून पव्व्यातले दोन घोट घेतले. हात थांबला, बटण लागलं, पण आता तोंडाला वास. न पिता जाता येत नाही, पिऊन गेलं तर चालत नाही. कंपनीत सुट्टी टाकलेलीच होती. ती सुट्टी दारूच्या भट्टीवर गेली.

बाकीची कारणं लहान, पण तीही मोजा. तारीख लांबची असली की मधले दिवस "आता शेवटचेच" म्हणून दुप्पट पिण्यात जातात. त्यात पोळा आला, दुसऱ्या दिवशी कर, मग काय विचारता! कुणी सांगतं, अमक्याला गाडीत घालून उचलून नेलं आणि महिनाभर कोंडलं. कुणी म्हणतं, मानसोपचाराचा कागद कंपनीत पोचला तर परमनंट होणं विसरा. आमच्या आईला तर "मानसोपचार" म्हटलं की मेंटल हॉस्पिटलचं फाटकच दिसायचं.

केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेली पाहणी 2019 मध्ये आली. दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांमागे जेमतेम एकाला काहीतरी उपचार मिळाल्याचं तिच्यात निघालं. उरलेल्या 37 जणांनाही सोडायचीच नव्हती, असं म्हणायचं का?

माझं काम झालं ते साळ्यामुळे. त्यानं मला न विचारता 14416 ला फोन लावला. टेली-मानसची ही सरकारी हेल्पलाइन चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. नशामुक्तीसाठी वेगळा 14446 सुद्धा आहे. स्पीकरवर बाई म्हणाल्या, "घरी एकदम बंद करू नका. पिऊन आलात तरी चालेल, पण या. गाडी मात्र दुसऱ्या कुणाला चालवू द्या." 'पिऊन आलात तरी चालेल' हे मला तोवर कुणी म्हटलं नव्हतं.

तारखेची वाटही पाहायची नव्हती. आमच्या नागपुरात मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, मानसोपचाराची ओपीडी आहे, सकाळी जाऊन केस पेपर काढायचा. साळा रात्री आमच्याकडेच झोपला. सकाळी म्हणाला, "भाऊजी, चाला. चहा तिकडंच घेऊ." मानेवाड्याहून निघालो. तुकडोजी पुतळ्यापाशी मी त्याला गाडी थांबवायला लावली, पोटात कालवलं म्हणून. खरं तर परत फिरायचं होतं. खंजिरीवर गावोगाव व्यसनमुक्ती सांगत फिरलेल्या महाराजांसमोर मी सबब शोधत उभा, याचं आता हसू येतं. साळ्यानं इंजिन बंदच केलं नाही. "ओका इथंच, मग बसा," एवढंच बोलला.

आत डॉक्टरनं उपदेश केला नाही. रोज किती, शेवटची कधी घेतली, आधी फिट आली होती का, झोप लागते का, हे विचारलं. दोन्ही हात पुढे करून बोटं फाकवायला सांगितली. लिव्हरची रक्ततपासणी लिहिली, थायमिनचं, म्हणजे व्हिटॅमिन बी-1 चं, इंजेक्शन दिलं. कोंडून ठेवाल का, असं मी विचारलंच. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूचं व्यसनही येतं, त्यांनी सांगितलं. सज्ञान माणूस स्वतःच्या सहीनं भरती झाला तर स्वतःच्या मर्जीनं सुट्टी मागू शकतो. फार तर डॉक्टर काही कारणांसाठी चोवीस तास थांबवून घेऊ शकतात. मी सही केली. ती कुणाला वाचता आली असेल असं वाटत नाही.

आता ओळखीतला कुणी नंबर मागतो, तेव्हा नंबर देतोच. पण त्याच्या बायकोला किंवा भावाला वेगळं विचारतो, उद्या सकाळी गाडी कोण चालवणार आहे. कुणीच नसेल तर मी सुट्टी टाकतो.