दुकानातली वही

पुण्याहून दिल्ली, दिल्लीहून काठमांडू, मग बसने धुलिखेल आणि पुढे जीपने डोंगरातलं एक गाव. प्रवासाचं एवढं पुरे. नेपाळच्या काभ्रे जिल्ह्यातल्या त्या गावात मी शाळेतल्या मुलांना गणित शिकवायला एका संस्थेमार्फत स्वयंसेवक म्हणून गेले होते आणि एका शेतकरी कुटुंबात राहत होते. घरात आमा, बुबा (म्हणजे आई, वडील), त्यांची सून आणि छोटा नातू. सुनेचा नवरा कतारला.

2015 च्या भूकंपात त्यांचं दगडमातीचं जुनं घर पडलं. सरकारने हप्त्याहप्त्याने दिलेल्या तीन लाख नेपाळी रुपयांत वर पत्रा टाकून दोन खोल्या उभ्या राहिल्या. त्यातली एक मला दिली होती. उरलेल्या एका खोलीत चौघं झोपत. पत्र्यावर पाऊस पडला की रात्रभर झोप येत नाही, हे सोडून राहण्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

सकाळी दहाच्या सुमाराला डाळभात, अंधार पडला की पुन्हा डाळभात, सोबत कधी गुन्द्रुकची, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पालेभाजीची, आंबट भाजी. आमा सगळ्यांचं झाल्यावर चुलीपाशी बसून जेवायची. मी थांबले तर तिला आवडायचं नाही. अंडं फक्त माझ्या ताटात असायचं.

असारच्या 15 तारखेला, म्हणजे आपल्या जूनअखेरीला, तिथे भातलावणीचा सण असतो. त्या दिवशी सगळे दही-चिउरा खातात, म्हणजे आपले दहीपोहेच. नांगर बुबांनी धरला, बाकी खाचरात सगळ्या बायका. आज हिच्या शेतात, उद्या तिच्या. याला तिथे पर्म म्हणतात, आपल्या मावळ-मुळशीकडे सावड. परदेशातून येणारा पैसा नेपाळच्या उत्पन्नाच्या जवळपास पाव हिस्सा आहे, असं मी वाचलं होतं. एकही तरुण पुरुष नसलेलं ते खाचर पाहिलं तेव्हा तो आकडा खरा कळला.

लावणीनंतर एकदा साबण आणायला दुकानात गेले. दुकानदाराची उधारीची वही उघडी होती. लिपी देवनागरी, अंकही आपलेच, त्यामुळे न वाचता राहणं शक्यच नव्हतं. पानावर वर आमाच्या घराचं नाव, खाली ‘पाहुना’, आणि मग ओळीने अंडी, चिनी (साखर), चियापत्ती (चहा पावडर), बिस्कुट. मी आल्यापासूनचं सगळं. एकही ओळ खोडलेली नव्हती.

संध्याकाळी सुनेला विचारलं. ती आधी टाळत होती, मग म्हणाली की संस्थेचे पैसे दर तीन महिन्यांनी येतात, कधी त्याहून उशिरा. राहण्या-जेवणाची पूर्ण रक्कम मी पुण्यात असतानाच, विमानाचं तिकीट काढण्याआधी भरली होती. म्हणजे माझे पैसे संस्थेच्या खात्यात पडून होते आणि मला अंडं खाऊ घालायला हे घर कर्ज काढत होतं! मला इतका राग फार क्वचित आला आहे.

दुसऱ्या दिवशी उधारी चुकती करायला गेले, तर दुकानदाराने आमाला विचारल्याशिवाय पैसे घ्यायला नकार दिला. आमा तर चिडलीच. पाहुणीने उधारी फेडली तर गावात तोंड कसं दाखवायचं, असं तिचं म्हणणं. तिच्या जागी माझी आजी असती तर तीही हेच म्हणाली असती, म्हणून मी वाद घातला नाही. पण तिचा हा मान सांभाळण्याचा खर्च तिनेच का सोसायचा? शेजारच्या घरात एक युरोपियन मुलगी राहत होती, तीही स्वयंसेवक. इथली माणसं किती भरभरून देतात, हे ती रोज सांगायची. खरंच होतं ते. मी तिला दुकानात नेऊन तिच्या यजमानांचं पान वाचून दाखवलं. मग आम्ही दोघींनी मिळून संस्थेला पत्र लिहिलं. पैसे नियमानुसार दिले जातात, असं उत्तर आलं. आम्ही पुन्हा लिहिलं. मी निघायच्या आधल्या आठवड्यात आमाला पैसे मिळाले. नियम मात्र बदलला नाही.

परवा कोथरूडच्या एका मैत्रिणीच्या बहिणीने फोन केला. तिलाही असंच जायचंय; जॅकेट कुठलं घेऊ, औषधं काय नेऊ, असं विचारत होती. मी म्हटलं, ते नंतर बघू. आधी संस्थेला लेखी विचार, घरच्यांना किती पैसे मिळतात आणि कोणत्या तारखेला. उत्तर आल्याशिवाय एक रुपयाही भरू नकोस. तिने विचारलंय. अजून उत्तर आलेलं नाही.